आयटी कन्सल्टिंग कंपनीने दिलेला शब्द: कुठला वसूल होतो, कुठला हवेत विरतो?

बिलेबल बंडू (धागाकर्ता)

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी तक्रारी त्याच. "सहा महिन्यांत पगारात करेक्शन देतो म्हणाले होते." "ऑनसाइट पक्कं होतं." "व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवरचा पगार, शंभर टक्के मिळतो असं सांगितलं होतं." "प्रमोशन झालं, पगार तोच." मॅनेजरला शिव्या घालणारे धागे रग्गड झालेत, आणखी एक नको. हे शब्द मोडतात का आणि त्यातले कुठले कागदावर धरता येतात, एवढंच इथे बोलू.

कंपनी क्लायंटला माणूस तासावर विकते. उदाहरणादाखल ऑफशोअर (भारतात बसून केलेल्या कामाचा) दर तासाला २५ डॉलर धरा, महिन्याचे १६० तास, म्हणजे ४,००० डॉलर. हा दर रेट कार्डात, म्हणजे करारातल्या दरपत्रकात, दोन-तीन वर्षांसाठी बांधलेला असतो. करारात दरवाढ असली तरी ती वर्षाला दोन-तीन टक्क्यांची. इकडे त्याच माणसाला आठ-दहा टक्के हाईक द्यायची तर वरचा फरक पिरॅमिडमधून काढावा लागतो: एक महागडा सीनियर प्रोजेक्टमधून हलवायचा आणि खाली दोन फ्रेशर भरायचे. त्यामुळे मॅनेजरने मनापासून दिलेला "एप्रिलमध्ये बघतो" हा शब्दही, क्लायंटने मार्चमध्ये दोन जागा कापल्या की निकालात निघतो.

त्यात शब्द देणारा एक आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. रिक्रुटरचं टार्गेट जॉइनिंग, त्यामुळे तो सगळ्याला हो म्हणतो. डिलिव्हरी मॅनेजरला माणूस टिकवायचा असतो. हाईकची टक्केवारी फायनान्स ठरवतं आणि पैसा अकाउंटच्या नफ्या-तोट्यातून येतो. ज्याच्या हातात पैसा नाही तोच सगळ्यात जास्त बोलतो.

म्हणून कुठलंही आश्वासन मिळालं की त्यात चार गोष्टी आहेत का ते बघावं: रक्कम, तारीख, अट, आणि लिहून देणाऱ्याचा अधिकार. "रिव्ह्यू होईल" यात रक्कमही नाही आणि तारीखही नाही. "१ ऑक्टोबरपासून फिक्स्ड पगारात ६०,००० रुपये वार्षिक वाढ, प्रोबेशन कन्फर्म झाल्यास", आणि हे एचआरच्या लेटरहेडवर, हे आश्वासन झालं. मधलं सगळं चहापाणी.

जॉइन होण्याआधी प्रोजेक्टबद्दलही चार प्रश्न विचारायचे, आणि ते फार कमी लोक विचारतात. जागा बिलेबल (क्लायंट पैसे देतो ती) आहे की बफर (राखीव, बिनपैशाची)? एसओडब्ल्यू, म्हणजे स्टेटमेंट ऑफ वर्क, कधी संपतो? रेट कार्डात या जागेचं रोलचं नाव काय? क्लायंट मुलाखत घेणार का? एसओडब्ल्यू ३१ डिसेंबरला किंवा ३१ मार्चला संपत असेल आणि जॉइनिंग नोव्हेंबरात असेल, तर काही महिन्यांतच बेंचवर (प्रोजेक्टविना) बसायची शक्यता आहे हे धरूनच सही करा. रोल "असोसिएट" आणि ऑफर "लीड" असेल तर लीडचं काम मिळायचं नाही. क्लायंट त्या जागेला लीडचे पैसे देतच नाही.

बाकी सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च), बाँड (ठरावीक काळ सोडणार नाही असा करार), नोटीस, बेंच, राजीनामा या विषयांवर जाणकारांनी लिहावं.

हिशोबनीस

सीटीसीपासून सुरुवात करतो. पहिला अपेक्षाभंग पहिल्याच पगाराच्या स्लिपवर होतो आणि त्यात कंपनीने काहीच मोडलेलं नसतं.

ऑफर ८,००,००० ची. मुलगा बारानं भागतो आणि ६६,६६७ ची स्वप्नं बघतो. आता फोडू या. बेसिक पन्नास टक्के, ४,००,०००. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, ४८,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, १९,२४०. व्हेरिएबल १० टक्के, ८०,०००. मेडिक्लेमचा हप्ता १२,००० धरा. हे सगळं वजा जाता हातात येण्यासारखे उरतात ६,४०,७६०, म्हणजे महिन्याला ५३,३९७. त्यातून स्वतःचा पीएफ ४,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला की सुमारे ४९,२००. नव्या कररचनेत या पगारावर २०२५-२६ साठी आयकर शून्य आहे, एवढाच दिलासा.

पीएफ कायद्याने १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये, ठेवता येतो. तसा ठेवला तर याच ऑफरमध्ये हातात साधारण ५३,६०० येतात. म्हणून दोन कंपन्यांच्या ऑफरची तुलना करताना सीटीसी शेजारी शेजारी ठेवू नका. दोघांकडून महिन्याचा फिक्स्ड ग्रॉस आणि पीएफ कशावर कापणार हे लेखी मागवा. एचआर अ‍ॅनेक्शर देतंच, मागावं मात्र लागतं.

व्हेरिएबलचं कलम तर भिंग लावून वाचा. तीन शब्दसमूह शोधायचे: "कंपनीच्या विवेकाधीन", "कंपनी आणि युनिटच्या कामगिरीवर अवलंबून", आणि "पेआउटच्या तारखेला सेवेत असल्यास व नोटीसवर नसल्यास". तिसरा सगळ्यात महाग. वर्ष मार्चला संपतं आणि पेआउट जून-जुलैत. एप्रिलमध्ये राजीनामा टाकला की पूर्ण वर्ष राबून व्हेरिएबल शून्य. हे कलम असेल तर त्या पैशासाठी भांडायला जागा फार थोडी. पहिलं कलम असेल तर ते ८०,००० सीटीसीतून वजा धरूनच ऑफर तोला.

नवखी नाशिककर

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: कॅम्पसला "लेटर ऑफ इंटेंट" मिळतं, मग महिनोन्महिने जॉइनिंगची तारीखच येत नाही. यात काही करता येतं का?

कायदेकानू

ताई, तीन कागद वेगळे आहेत. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे "घ्यायचा विचार आहे". ऑफर लेटर म्हणजे अटींसह प्रस्ताव. अपॉइंटमेंट लेटर मिळालं, तुम्ही रुजू झालात, की नोकरी सुरू. पहिल्या दोहोंत बहुधा "व्यवसायाच्या गरजेनुसार तारीख बदलू शकते" असं वाक्य पेरलेलं असतं. रुजू न झालेला उमेदवार कर्मचारी नसतो, त्यामुळे कामगार आयुक्तांकडे गेलं तर ते कंपनीला बोलावून समज देतात, वाटाघाट घडवतात, पण पगार मिळवून देण्याचा सरळ अधिकार तिथे नसतो. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा कागदोपत्री शक्य आहे, खर्चाच्या मानाने परवडत नाही.

ऑफरचा आकडा बदलल्याची उदाहरणं जाहीर आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने ६.५ लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना ३.५ लाखांवर येता का असं विचारलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातले तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थी अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून कमी केले, आणि पुण्याची 'नाइट्स' ही आयटी कर्मचारी संघटना तक्रार घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली. कंपनीचं म्हणणं होतं की तीन संधींत परीक्षा पास व्हायची अट करारात होतीच. दोन्हीतून एकच घ्यायचं: तारीख मिळेपर्यंत दुसरी ऑफर नाकारू नका आणि ट्रेनिंगच्या करारात परीक्षेचे किती प्रयत्न, पास होण्याचे गुण किती, नापास झाल्यास काय, ही तीन कलमं आधी वाचा.

टोमणेबहाद्दर

"वुई आर अ फॅमिली" असं लिहिलेल्या स्लाइडनंतर लगेच बाँडची स्लाइड येते हो. कुठल्या घरात मुलाकडून दोन वर्षांचा बाँड आणि सहीचा कोरा चेक घेतात?

कायदेकानू

@टोमणेबहाद्दर, चेकचा विषय काढलात ते बरं केलंत. बाँडबद्दल दोन टोकांची मतं फिरतात: "सही केली म्हणजे अडकलास" आणि "बाँड बेकायदा असतो, फाडून टाक". दोन्ही चूक.

करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावर बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवतं. नोकरी सोडल्यानंतर "स्पर्धक कंपनीत वर्षभर जायचं नाही" हे कलम यात बसतं, ते सहसा टिकत नाही. नोकरी चालू असतानाची बंधनं वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं किमान सेवा, नाहीतर दोन लाख रुपये, हे कलम वैध ठरवलं. तिथे सरकारी बँकेची भरती प्रक्रिया, त्यावरचा खर्च आणि पदाचा पगार बघून रक्कम वाजवी मानली. त्यामुळे "बाँड चालतच नाही" हे आता कुणाला सांगू नका.

पण कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. न्यायालय देतं ती वाजवी भरपाई. दोन आठवड्यांचं व्हिडिओ बघण्याचं ट्रेनिंग देऊन तीन लाख मागितले तर कंपनीला खर्च दाखवावा लागेल. म्हणून बाँडची नोटीस आली की पहिलं उत्तर हेच: ट्रेनिंग कुठलं, किती दिवस, बाहेरच्या संस्थेला किती पैसे दिले, त्याची बिलं द्या. कालावधीचा किती भाग पुरा झाला तेही लिहा. २४ पैकी १८ महिने झाले असतील तर पूर्ण रक्कम मागणं लंगडं पडतं. बरेच बाँड महिन्यागणिक रक्कम कमी होत जाणारे लिहून घेता येतात, सही आधी मागा.

कोरा चेक कधीच देऊ नका. सही करून दिलेल्या चेकवर रक्कम आणि तारीख भरायचा अधिकार घेणाऱ्याला कायद्याने मिळतो. तो बाउन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चेकच्या) कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होते, आणि बाँडच्या दिवाणी वादात जे ओझं कंपनीवर होतं ते तुमच्या डोक्यावर येतं. "स्टॉप पेमेंट" केल्याने यातून सुटका होतेच असं नाही. नोटीस आल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. त्या मुदतीत गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या. मूळ मार्कशीटही देऊ नका. पडताळणीला साक्षांकित प्रत आणि डोळ्यांदेखत मूळ कागद दाखवणं पुरतं.

आणखी एक कलम कुणी वाचत नाही: न्यायक्षेत्र. "वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात" असं नोकरीच्या करारातही चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. काम पुण्यात आणि न्यायालय गुरुग्रामला असेल तर लाखभर रुपयांसाठी कोण जाणार?

एचआरची बाजू

थोडं आमच्या बाजूचंही. नव्वद दिवसांची नोटीस सगळ्यांना छळ वाटते. क्लायंटच्या करारात माणूस बदलायला नॉलेज ट्रान्सफरची (केटी, म्हणजे काम समजावून देण्याची) मुदत लिहिलेली असते आणि तेवढे दिवस नवा माणूस शॅडो म्हणून फुकट बसवावा लागतो. खर्च तिथे होतो. लवकर सोडणं अशक्य नसतं, पण विनंती कधी करता यावर सगळं आहे. रिप्लेसमेंट मिळायच्या आधी एचआरला मेल टाकलीत तर उत्तर "पॉलिसीप्रमाणे" असंच येणार. आधी केटीचा आराखडा मॅनेजरच्या हातात द्या, कुठलं मॉड्यूल कुणाला, कुठल्या आठवड्यात, आणि मग मॅनेजरकडूनच तारीख पुढे पाठवून घ्या.

नोटीस विकत घ्यायची तर बेसिकवर की ग्रॉसवर हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघा. ग्रॉस लिहिलं असेल तर आकडा जवळपास दुप्पट होतो. उरलेल्या रजा नोटीसमध्ये वळत्या करता येतात का हे प्रत्येक कंपनीत वेगळं.

हिशोबनीस

नोटीसच्या वसुलीवर एक खास मुद्दा. काही कंपन्या बायआउटच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावतात. ६६,६६६ च्या वसुलीवर १२,००० रुपये वर. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक क्रमांक १७८ स्पष्ट आहे: नोटीस न पाळल्याबद्दलची आणि बाँड मोडल्याबद्दलची वसुली ही सेवा नाही, त्यावर जीएसटी नाही. परिपत्रकाचा क्रमांक लिहून मेल करा, बहुतेक पेरोल टीम मुकाट्याने काढून टाकतात.

जॉइनिंग बोनसचा घोळ याहून मोठा. दोन लाख बोनस, ३१.२ टक्के टीडीएस कापून खात्यात १,३७,६००. वर्षाच्या आत सोडलं तर कंपनी दोन लाख मागते. खिशात कधी न आलेले ६२,४०० परत कसे करायचे? वसुली त्याच आर्थिक वर्षात झाली तर पेरोल तुमचं करपात्र उत्पन्न दोन लाखांनी कमी दाखवून टीडीएस जुळवू शकतं. मार्च उलटला, फॉर्म १६ निघाला, की तो कर परत मिळवणं जिकिरीचं होतं. म्हणून सोडायचंच असेल तर तारीख मार्चच्या अलीकडे ठेवा. आणि ऑफरच्या वेळीच "परतफेड कर वजा जाता हाती आलेल्या रकमेची" असं लिहून मागा. दहात दोन कंपन्या तरी मानतात.

बेंचवरचा बाळ्या

बेंचवर कुणी बोलेल का? माणूस बेंचवर असताना आश्वासनं सगळ्यात जास्त मिळतात. "पाइपलाइनमध्ये तीन जागा आहेत." पाइपलाइन म्हणजे काय हे एकदा कुणी सांगा.

बिलेबल बंडू (धागाकर्ता)

पाइपलाइन म्हणजे विक्रीवाल्यांच्या तक्त्यातली शक्यता. तिथे प्रत्येक डीलपुढे टक्केवारी असते. २० टक्के शक्यतेची डील असली तरी रिसोर्स मॅनेजमेंटवाला (माणसं प्रोजेक्टवर लावणारा) "जागा आहेत" म्हणतो. त्याला विचारायचं ते एवढंच: डिमांड आयडी (जागेच्या मागणीचा क्रमांक) निघाला का, आणि क्लायंटने एसओडब्ल्यूवर सही केली का? आयडी नसेल तर जागा नाही.

कंपन्या युटिलायझेशन (बिलिंगवर असलेल्यांचं प्रमाण) ८०-८५ टक्के धरून नफा मांडतात. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच, असा नियम केला हे सगळ्यांनी वाचलंच असेल. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे बाराएक हजार, लोक कमी करण्याची घोषणा झाली. बाकीच्या कंपन्यांत आकडा लिहिलेला नसतो इतकंच, ३० ते ६० दिवसांनंतर बोलावणं येतंच.

बेंचवर असताना एक तक्ता ठेवा: तारीख, डिमांड आयडी, मुलाखत कुणी घेतली, निकाल, नाकारल्याचं कारण. दर शुक्रवारी रिसोर्स मॅनेजरला दोन ओळींचा मेल. पुढे "तुम्हीच प्रोजेक्ट नाकारले" असं म्हटलं जातं, आणि ते हमखास म्हटलं जातं, तेव्हा हा तक्ताच कामी येतो. दुसऱ्या शहरातली जागा आली आणि जाणं शक्य नसेल तर नुसतं "नाही" लिहू नका. "रिमोट किंवा पुण्यातून तयार आहे, स्थलांतर भत्ता व मुदत कळवावी" असं लिहा.

कायदेकानू

बेंचनंतरचं दालन म्हणजे जबरी राजीनामा. पद्धत ठरलेली: अचानक मीटिंग, लॅपटॉप बाहेर ठेवायचा, "आज पाचच्या आत पोर्टलवर राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेशन लेटर, मग पुढे कुठे नोकरी मिळणार नाही." ही सगळी घाई एका क्लिकसाठी असते. राजीनामा "स्वेच्छेने" झाला की नोकरकपातीचे हक्क गेले.

कपात असेल तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा वर्षं झाली असतील तर नव्वद दिवसांचे पैसे, वर नोटीसचा महिना. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात कपात झालेल्या कामगारासाठी आणखी १५ दिवसांच्या पगाराइतका रीस्किलिंग निधी आहे. याच्याशी तुलना करा आणि मग "दोन महिन्यांचा बेसिक देतो" ही ऑफर किती उदार आहे ते ठरवा.

तिथल्या तिथे करायचं काय? सही करू नका, क्लिक करू नका. "विचार करायला वेळ हवा, प्रस्ताव लेखी द्या" एवढंच म्हणा. बाहेर आल्यावर त्याच दिवशी वैयक्तिक मेलवरून एचआरला: अमुक वाजता, अमुक पदावरच्या व्यक्तींनी राजीनामा मागितला, मी दिलेला नाही, काम करायला तयार आहे, कामगिरीबद्दल आक्षेप असल्यास लेखी कळवा. चार वाक्यं पुरेत. भावना, आरोप, धमकी काही नको.

हे संरक्षण "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना. पदाच्या नावावर ते ठरत नाही. स्वतः कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा तांत्रिक काम करतो, कार्डावर "मॅनेजर" छापलं असलं तरी. माणसं घेणं-काढणं, रजा मंजूर करणं, अप्रेझल देणं हे मुख्य काम असेल तर तो बाहेर. २०१५ साली काढलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याला कामगार मानून चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा कामावर घ्यायला सांगितलं. सात वर्षं लागली हेही ध्यानात घ्या. अर्ज आधी समेटासाठी कामगार आयुक्तांकडे, पुण्यात अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय. जुन्या कायद्यात मुदत तीन वर्षांची होती, नव्या संहितेत दोन. समेटाच्या टेबलावर बऱ्याच कंपन्या रक्कम वाढवतात, हा तिथे जाण्याचा खरा फायदा.

सायबरसासू

पुराव्याच्या नादात एक मोठी चूक होते, ती थांबवा. ऑफिसचे मेल, चॅट, डॅशबोर्ड स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. डेटा लीक पकडणारं सॉफ्टवेअर ते लगेच टिपतं आणि कंपनीला गोपनीयता भंगाचं आयतं, सज्जड कारण मिळतं. मग मूळ तक्रार बाजूला राहते. क्लायंटचं नाव असलेलं काहीही बाहेर जाता कामा नये.

चालतं ते असं: स्वतःची पत्रं, म्हणजे ऑफर, अपॉइंटमेंट, अप्रेझल, सॅलरी रिव्हिजन, पेस्लिप, फॉर्म १६, पेरोल पोर्टलवरून डाउनलोड करून ठेवा. दर तिमाहीला करा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. तोंडी आश्वासन मिळालं की "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून मॅनेजरला मेल टाका आणि एचआरला सीसी करा. उत्तर आलं नाही तरी मेल राहतो. त्याची प्रत घरी न्यायची गरज नसते, वाद झाला तर तारीख आणि विषय सांगून ती कंपनीकडूनच मागवता येते. म्हणून तेवढं डायरीत टिपा.

न्यूजर्सीकर

"ऑनसाइट देतो" या गाजराबद्दल इकडून लिहितो. एच-१बी या अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसावर कन्सल्टिंग कंपनीने आणलं आणि प्रोजेक्ट नाही म्हणून बिनपगारी बसवलं, तर ते अमेरिकेच्या कायद्यात चालत नाही. काम नसण्याचं कारण कंपनीकडचं असेल तर एलसीएवरचा (कंपनीने तिथल्या कामगार खात्याला लिहून दिलेला) पगार द्यावाच लागतो. देशात आल्यावर फार तर ३० दिवसांत पगार सुरू व्हायला हवा. एच-१बीसाठी कंपनीने भरायच्या अर्जाची (पिटिशनची) फी आणि त्या अर्जाच्या वकिलाची फी कर्मचाऱ्याकडून वसूल करणंही बसत नाही. मुदतीआधी काढून टाकलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीचा.

तक्रार कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर, मोफत, घटनेपासून १२ महिन्यांच्या आत. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची मुभा असते, तेवढ्यात नवी कंपनी किंवा परतीचं तिकीट. छोट्या कन्सल्टन्सीत "तू पैसे आम्हाला दे, आम्ही पेस्लिप काढतो" हा प्रकार चालतो, त्याला हो म्हणू नका. पगार मिळालाच नाही हे मग सिद्ध करता येत नाही, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी खोट्या पेस्लिपा तुमच्याच गळ्यात येतात.

आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क बसलंय. तेव्हा २०२५ नंतर कुणी रिक्रुटर "दीड वर्षात अमेरिका" म्हणत असेल तर ते पैसे कोण भरणार हे त्याला विचाराच.

नवखी नाशिककर

आणि सी-टू-एच? सहा महिन्यांनी पर्मनंट करतो म्हणतात.

एचआरची बाजू

कॉन्ट्रॅक्ट-टू-हायरमध्ये तुमची कंपनी म्हणजे पेरोलवाली एजन्सी. क्लायंटचा मॅनेजर "तुला घेतोच" म्हणाला तरी त्याने तुमच्याशी कुठलाच करार केलेला नसतो. क्लायंट आणि एजन्सीच्या करारात बहुधा असं असतं: सहा किंवा बारा महिन्यांच्या आत माणूस कायम केला तर क्लायंटने एजन्सीला फी द्यायची, नंतर फुकट. त्यामुळे फुकटची तारीख उलटेपर्यंत "प्रोसेसमध्ये आहे" असंच ऐकू येतं. ती तारीख एजन्सीला विचारा. त्यानंतर एका तिमाहीत काही हललं नाही तर त्या क्लायंटकडे जागा मंजूर झालेली नाही, सरळ दुसरं बघा.

बेंचवरचा बाळ्या

फुल अँड फायनलला, म्हणजे सोडल्यावरच्या शेवटच्या हिशोबाला, तीन-तीन महिने लावतात त्याचं काय?

हिशोबनीस

वेतन संहितेत राजीनामा, कपात, बडतर्फी, काहीही असो, देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. "४५ ते ६० दिवसांत सेटलमेंट" हे जुन्या पॉलिसीतलं वाक्य अजून मेलमध्ये चिकटवतात, त्याला उत्तर द्या. ग्रॅच्युइटी मात्र वेगळी, तिला ३० दिवस.

ग्रॅच्युइटीचा हिशोब: शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. ३३,३३३ बेसिकवर पाच वर्षांचे सुमारे ९६,१५०. पाचव्या वर्षात असाल तर घाई करू नका. सहा दिवसांपेक्षा कमी आठवडा असलेल्या आस्थापनेत वर्ष पुरं धरायला २४० ऐवजी १९० दिवस लागतात, आणि आयटीत पाचच दिवसांचा आठवडा असतो. चार वर्षं १९० दिवसांवर काही उच्च न्यायालयांनी कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिलेत, पण कंपन्या वाद घालतात. शक्य असेल तर पाच पूर्ण करा. फिक्स्ड टर्मवाल्यांना नव्या संहितेप्रमाणे एका वर्षावर हक्क आहे.

नवखी नाशिककर

शेवटचं: रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं तर नवी कंपनी घेते का?

एचआरची बाजू

घेतात, आधी सांगितलं तर. पडताळणीवाल्यांना चार कागद द्या: राजीनामा पाठवल्याचा आणि पोचल्याचा मेल, शेवटच्या तीन पेस्लिप, त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक. जुन्या कंपनीने पीएफवर सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर "मार्क एग्झिट" मधून ती स्वतः टाकता येते, आधारच्या ओटीपीवर. तारीख टाकताना पेस्लिपशी जुळवा, एकदा टाकली की बदलणं कटकटीचं. कंपनीने पीएफ कापून भरलाच नसेल, तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर पेस्लिप जोडून तक्रार करा. आणि कंपनीला लिहिताना रिलीव्हिंग लेटरच्या जोडीला सर्व्हिस सर्टिफिकेटही मागा. वसुलीच्या वादात पहिलं अडवून धरणाऱ्या कंपन्याही दुसरं बऱ्याचदा देऊन टाकतात, कारण त्यात फक्त तारखा आणि हुद्दा असतो.